पागेतली तालीम: आमचं घर, हौशी नाटक आणि मैना घोडी

भीमाकाठची

पंढरपुरात स्टेशनवरून देवळाकडे टांग्यानं गेलेलं इथं कुणी आहे का? ऐंशीच्या दशकात गेला असाल तर आमच्या आबांच्या, म्हणजे आजोबांच्या, टांग्यातही बसला असाल. तेव्हा कुर्डुवाडीकडून अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी यायची. तिच्या वेळेला आबा स्टेशनाबाहेर उभे. सवारी घ्यायची, महाद्वाराजवळ सोडायची, दर्शन झालं की गोपाळपूर, विष्णुपद, कैकाडी महाराजांचा मठ फिरवून आणायचं. मागच्या बाजूला तोंड करून बसलेल्या बायका उतारावर हमखास "इठ्ठला!" म्हणायच्या.

बाबा एका कचेरीत कारकून. पण त्यांचा दिवस सुरू व्हायचा संध्याकाळी सहानंतर. गावात त्यांचं हौशी नाटक मंडळ होतं. मंडळ म्हणजे एक पोस्टमन, एक शिंपी, दोन मास्तर, किराणा दुकानदाराचा थोरला, आणि एस.टी.तला एक कंडक्टर, जो ड्युटीमुळे निम्म्या तालमींना नसायचाच. हॉल नव्हता. शाळेची खोली मिळायची, पण रात्री तिथं दिवे नसत. आमच्या पागेत मात्र बल्ब होता, शेणानं सारवलेली स्वच्छ जमीन होती आणि भाडं शून्य. म्हणून तालीम पागेत. एका कोपऱ्यात मैना बांधलेली, उरलेल्या जागेत दरबार, वाडा, कोर्ट, जे काय असेल ते.

मैना कुमैत रंगाची, कपाळावर लहानसा पांढरा टिक्का. आठ वाजता तिची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, असायची. तोबरा तोंडाला लागला की तासभर काही बोलायचं नाही असा आबांचा दंडक, त्यामुळे मध्यंतर नाटककारानं कुठंही लिहिलेलं असो, आमचं मध्यंतर आठलाच. एखादा नट आवाज चढवून बोलायला लागला की ती कान मागं पाडायची. बाबांनी त्याचाच उपयोग करून घेतला. "मैनेनं कान पाडले, म्हणजे तू बोलत नाहीयेस, ओरडतोयस. परत घे." शिंप्याला याचा फार राग यायचा. कोर्टाचा सीन तो दारूड्यासारखा करायचा आणि घोडीनं पाडलेल्या कानांमुळे आपली भूमिका कापली गेली असं पुढं कित्येक वर्षं सांगत फिरायचा.

मग एका गणेशोत्सवात ऐतिहासिक नाटक ठरलं. मंडळातल्याच मास्तरांनी लिहिलेलं. बाबांच्या डोक्यात आलं की सरदार घोड्यासकट रंगमंचावर आला पाहिजे. आबा पहिल्यांदा नाहीच म्हणाले. टांग्याची घोडी खोगिराची नसते, तिच्यावर बसायचं नाही. मग असं ठरलं की सरदार नुकताच उतरलाय, लगाम मोतद्दाराच्या हातात आहे. मोतद्दार अर्थात आबा. त्यांना वेगळा पोशाख लागलाच नाही.

दुसरी अडचण झापडांची. मैना कायम झापडं लावून चाललेली. समोर हजार माणसं एकदम दिसली असती तर काय झालं असतं सांगता येत नाही. पण सरदाराची घोडी झापडं लावून कशी चालेल? शेवटी आत्यानं जुन्या शालूच्या काठाचा मोहरा शिवला, झापडं त्याच्या आत. लांबून इतकं झकास दिसायचं की लोकांना वाटलं राजघराण्यातून मागवलाय.

तिसरी अडचण फळ्यांची. पायाखाली पोकळ आवाज आला की घोडं बिचकतं. आबांनी गणपतीच्या आधी पंधरवडाभर पागेच्या दारात फळ्या टाकून ठेवल्या, जाता-येता तिला त्यावरून न्यायचे. स्टेजवर पोती, त्यावर मातीचा थर. एवढं सगळं जमलं. रंगीत तालमीला बाबांनी पहिली घंटा दिली आणि मैना निघाली.

टांगेवाला पायानं घंटा वाजवतो ना, रस्ता मोकळा करायला. घंटा म्हणजे चला, हे तिच्या अंगात भिनलेलं. दुसऱ्या घंटेला आबा लगामाला लोंबकळत होते. तिसरीला ती पडद्याच्या पुढं, आबा तिच्या मागं, आणि पेटीमास्तर पेटी सोडून विंगेत.

प्रयोगाला घंटा द्यायचीच नाही असं ठरलं. पडदा नुसताच वर गेला, आणि मैदानातल्या लोकांना पहिली पाच मिनिटं नाटक सुरू झालंय हेच कळलं नाही. बाबांच्या डोक्यावर ते पाच मिनिटांचं कर्ज जन्मभर राहिलं.

अशी घरं अजून कुणाची होती का? घोड्याची, नाटकाची, दोन्हीची. लिहा.

---

तिसरी_घंटा

ताई, माझ्या आयडीसकट नमस्कार!

मी राज्य नाट्य स्पर्धेतला माणूस. १९५४ पासून ही स्पर्धा चालू आहे, आणि दर वर्षी केंद्रावर एखादा तरी संघ असा असतोच की ज्याची तालीम कुठं गोदामात, कुठं गिरणीत झालेली असते. पागेत झालेली आज ऐकली. आमच्या वेळी तालमीपेक्षा कागदांचाच धसका जास्त. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे पाठवा, प्रमाणपत्र येईपर्यंत जीव टांगणीला.

जिवंत जनावर स्टेजवर आणायचं धाडस आम्हाला कधी झालं नाही. 'जाणता राजा'त घोडे-हत्ती बघितले तेव्हा मी अर्धा वेळ नटांकडे बघतच नव्हतो, मोतद्दारांकडे बघत होतो.

एक विचारतो. सगळ्यांचं आलं, आईचं काहीच आलं नाही. त्या कुठं होत्या?

---

भीमाकाठची

विंगेत. कायम.

आई प्रॉम्प्टर होती. त्याआधी नकला उतरवणारी. झेरॉक्स परवडायची नाही. मूळ वहीवरून प्रत्येक पात्राची नक्कल, म्हणजे त्याचीच वाक्यं आणि त्याआधीच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द, हातानं लिहायची. पाच पात्रांचं नाटक म्हणजे पाच वह्या, शिवाय स्वतःची सहावी. कार्बन पेपर घातला की तिसरी प्रत पुसट यायची. पुसट प्रत नेहमी कंडक्टरला, कारण तो येणारच नाही हे तिला माहीत असायचं.

प्रयोगात हातात बॅटरी, काचेवर लाल जिलेटीन. तिचा आवाज पहिल्या रांगेत ऐकू जायचा नाही आणि नटाला चुकायचा नाही. हे शिकवून येत नाही. मी प्रयत्न केलाय, माझा आवाज एक तर मैदानभर जातो नाहीतर माझ्यापाशीच राहतो.

आणि हिशेब. घरात दोन डबे होते, एक घोडीचा, एक नाटकाचा. दोन्हींची किल्ली आईकडे. पडद्याचं भाडं द्यायचंय आणि त्याच आठवड्यात नालबंद येणार असला की बाबा गोड बोलायला लागायचे. महिना-सव्वा महिन्यानं नाल बदलावे लागतात, वारीच्या गर्दीत डांबरावर तर त्याआधीच झिजतात. "नाल आधी, पडदा मग," एवढंच आई म्हणायची. एका वर्षी खरोखरच भाड्याचा पडदा न आणता घरातल्या सतरंज्या जोडून लावल्या. नाटक कौटुंबिक होतं, शोभून गेलं.

आत्याचंही सांगायला हवं. ती लग्नाआधी काम करायची स्टेजवर, गावात तेव्हा दुसरी कुणी बाई तयार नव्हती. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. आबा कुणाशी भांडले नाहीत. प्रयोगाच्या दिवशी तिला टांग्यात पुढं आपल्या शेजारी बसवलं आणि जवळचा रस्ता सोडून प्रदक्षिणा मार्गानं, सगळ्यांच्या दारावरून, घंटा वाजवत नेलं. पुढं तिच्या सासरच्यांनी तिला त्याच नाटकात बघून मागणी घातली, हे पाहुण्यांना अजून पटत नाही.

---

खानदेशी_स्वार

वाचायला मजा आली ताई. आमचं सगळं बालपण सारंगखेड्याच्या यात्रेभोवती. तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा, दत्तजयंतीला सुरू होते, आणि घोडेबाजार असा की आम्ही पोरं शाळा बुडवून दिवसभर नुसते दात बघत हिंडायचो. घोड्याचे.

तुमची मैना कुठल्या जातीची? मारवाडी, काठेवाडी की देशी? मारवाडीचे कान आत वळून टोकं एकमेकांना भिडतात, त्यावरून लगेच कळतं. आणि अंगावरचे केसांचे भोवरे बघून घेतली होती का? आमच्याकडे देवमन हा शुभ भोवरा असेल तर किंमत चढते, आसूढाळ हा अशुभ निघाला तर माणूस फुकट दिला तरी नेत नाही.

---

भीमाकाठची

कान सरळ होते. अंगानं बुटकी, खूर मात्र दगडासारखे. आबा तिला भीमथडी म्हणायचे. तेव्हा आम्हाला वाटायचं, भीमेकाठी राहते म्हणून म्हणतात. नंतर कळलं की दख्खनची तशी जातच आहे, मराठ्यांच्या पागेतली. अलीकडे कर्नालच्या, जनावरांच्या जाती नोंदवणाऱ्या राष्ट्रीय ब्युरोकडे तिची स्वतंत्र जात म्हणून नोंदही झाली. मैना अस्सल होती का, ते माहीत असणारं आता कुणी नाही.

सांगोल्याकडच्या एका पाहुण्यांकडून घेतली. आबांनी भोवरे बघितले नाहीत असं नाही, डाव्या डोळ्याखाली आसूढाळ होता म्हणूनच स्वस्तात मिळाली. ते म्हणाले, घराचं वाटोळं करायला आमचं पोरगं आणि त्याचं नाटक आधीच आहे, घोडी बिचारी आणखी काय करणार.

त्यांची स्वतःची परीक्षा वेगळी. आधी दात, वयासाठी. मग खूर उचलून वास घ्यायचे, खूर सडलेला असला की वास लपत नाही. मग जनावर मोकळं सोडून वीस पावलं मागून चालायचे. पुढून सगळीच घोडी चांगली दिसतात म्हणायचे.

---

कडूनिंब

छान लिहिलंय, पण इथं सगळे गहिवरलेत म्हणून मी विचारतो. टांग्याला जुंपलेल्या घोड्यावर प्रेम होतं म्हणजे नक्की काय? सहा-सहा माणसं बसवायची, डांबरी रस्ता, उन्हाळा. मुंबईत व्हिक्टोरियांचा प्रश्न कोर्टात गेला. २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं मौजेच्या घोडागाड्या बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करायला सांगितल्या, त्यामागं त्या घोड्यांची अवस्थाच होती ना? झापडांवर शालूचा काठ लावला तरी झापडं ती झापडंच.

---

माथेरानकर

निंबराव, जरा दमानं. आमच्या डोंगरावर मोटारींना बंदी, त्यामुळे घोडा म्हणजे रिक्षा, घोडा म्हणजे टेम्पो. मी चालायला लागायच्या आधी घोड्यावर बसलोय. वाईट मालक असतात, बघितलेत. पण माझ्या घरी घोडा जेवल्याशिवाय कुणी जेवलं नाही, हेही बघितलंय. आता ई-रिक्षा आल्या आहेत, त्यावरून आमच्यात दोन तट पडलेत. तो वेगळा धागा होईल.

---

भीमाकाठची

@माथेरानकर, थांबा, कडूनिंब यांचं बरोबर आहे, उत्तर दिलं पाहिजे.

ओढकाम करणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियम आहेत. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ जनावर जुंपायचं नाही. हे मी मोठी झाल्यावर वाचलं. पंढरपुरात एप्रिल-मे मध्ये चाळिशी सहज ओलांडते. चैत्री वारी बरोबर त्याच दिवसांत. आबा चैत्रीत बारा ते तीन धंद्याला उभे राहायचे. राहिले नसते तर पावसाळ्यातला कडबा घ्यायला पैसे नसते.

ते काय करायचे तेही सांगते. दर खेपेला पाणी, मानेवर ओलं फडकं, चढावर स्वतः उतरून चालायचे आणि धडधाकट सवारीलाही उतरवायचे. त्यावरून भांडणं व्हायची. पण आषाढीत पाचवी-सहावी सवारी घेतलेली मी बघितलीय. पट्ट्याखाली घासून पडलेल्या जखमेला रात्री आई हळद-तेल लावायची, तेव्हा बाबा तिथंच बसून नाटकाची वही वाचत असायचे, आणि आई त्यांच्याकडे बघायची ते मला कधी विसरता आलं नाही. बाबांच्या नाटकाचे पैसे त्याच सवाऱ्यांचे होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बोललं कुणीच नाही.

मैनेला एकदा पोटशूळ झाला होता. घोड्याला उलटी होत नाही, आत अडकलं की अडकलं, त्यातच जनावर जातं. आबांनी तिला रात्रभर हळूहळू फिरवलं, लोळू दिलं नाही, पहाटे डॉक्टर आले. त्या रात्री तालीम होती. सगळं मंडळ आलं आणि पाळीपाळीनं लगाम धरून चालत राहिलं, शिंपीसुद्धा. एवढं असूनही तुमचा प्रश्न उरतोच, मला मान्य आहे.

---

कडूनिंब

एवढं सरळ उत्तर अपेक्षित नव्हतं. धन्यवाद. झापडांचं वाक्य मागं घेत नाही, पण शिंपी लगाम धरून चालला हे आवडलं.

---

वाखरीचा_गडी

ताई, तुमच्या घरची मंडळी रिंगणाला येत असतील की! आमच्या शिवारातच बाजीरावाच्या विहिरीपाशी माउलींचं रिंगण होतं. लहानपणी मला वाटायचं, पालखीपेक्षा घोडंच मोठं. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसऱ्याची पाठ मोकळी, त्यावर माउली बसलेत म्हणायचे. मी म्हणायचो, मग दिसत का नाहीत, तर चुलता म्हणायचा तू खाली बघ, खूर बघ.

---

भीमाकाठची

येत होतो म्हणजे काय! आबा वर्षात तेवढा एक दिवस धंदा सोडायचे, तोही ऐन वारीत. घोडी घेऊन नाही, आम्हाला घेऊन, चालत. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे येतात, त्यांच्या चालीबद्दल ते परतीच्या वाटेवर बोलत राहायचे. टापांखालची माती कपाळाला लावायला सगळे धावायचे तसे आम्हीही. आबा चिमूटभर पुडीत बांधून घ्यायचे आणि घरी येऊन मैनेच्या कपाळाला लावायचे. बाबांचं लक्ष वेगळीकडंच. लाखभर माणसं गोल बसलीत, मधे मोकळी जागा, आणि घोडा यायच्या आधीची ती शांतता. "असा प्रवेश आपल्याला कधी जमायचा नाही," हे दर वर्षी ठरलेलं.

---

शाळेतला_मास्तर

उपयोगाचं काहीतरी विचारू का? स्नेहसंमेलनात मुलांचं नाटक आहे, पडद्यामागून घोडा आल्याचा आवाज हवाय. मोबाइलवरचे आवाज स्पीकरवर खोटे वाटतात. करवंट्या वापरतात म्हणे. नक्की कशा?

---

भीमाकाठची

हे माझं खातं! आमच्या नाटकात टापा वाजवायचं काम माझ्याकडे होतं.

नारळाच्या दोन करवंट्या, शेंडी काढून आतून-बाहेरून घासलेल्या. फरशीवर आपटू नका, टकटक वाजते. पसरट घमेल्यात ओलसर माती दाबून भरा आणि त्यावर वाजवा. दगडी रस्ता हवा असेल तर मातीत थोडी खडी.

खरी गंमत ठेक्यात आहे. लोक सगळीकडे एकच टबडक-टबडक वाजवतात. आबा विंगेत येऊन माझ्या हातावर चापट मारायचे: "घोडं चालतंय का पळतंय?" साधी चाल चार सुट्या ठोक्यांची, सारख्या अंतरानं. दुडकीत तिरपे पाय, म्हणजे पुढचा एका बाजूचा आणि मागचा दुसऱ्या बाजूचा, एकदम पडतात, म्हणून दोनच ठोके, टक-टक, टक-टक. टांग्याचं घोडं बहुतेक वेळ दुडकीत. त्यापुढची दौड तीन ठोक्यांची आणि मग क्षणभर काहीच नाही, चारही पाय हवेत. टबडक म्हणतात ते हे. भरधाव सुटलं की परत चार, पण इतके जवळ की मोजता येत नाहीत.

लांबून येताना करवंट्यांवर फडकं गुंडाळा, जवळ आला की काढा. थांबताना एकदम थांबवू नका, दौडीवरून दुडकी, दुडकीवरून चाल, मग दोन-तीन पावलं उगाच. उभं राहिलेलं घोडंही पाय बदलतं.

---

खानदेशी_स्वार

रवाल चाल राहिली! तीही चार ठोक्यांची, पण पाठ अजिबात हलत नाही. स्वाराच्या हातातलं पाणी सांडलं नाही पाहिजे.

---

भीमाकाठची

खरंय. मैनेला ती येत नव्हती, म्हणून माझ्या करवंट्यांनाही येत नाही.

---

तिसरी_घंटा

एक शेवटचं. आधी काय बंद झालं, टांगा की नाटक?

---

भीमाकाठची

नाटक. लोकांना उलटं वाटतं. रिक्षा आल्या तरी आबा बरीच वर्षं टिकून होते, म्हाताऱ्या वारकऱ्यांना टांगाच लागायचा. मंडळ मात्र भराभर विस्कटलं. एका मास्तरांची बदली झाली, पोस्टमनना गुडघ्यानं धरलं, तालमीच्या वेळेला घराघरात मालिका लागायला लागल्या. त्या पहिल्या वर्षी बाबा रोज संध्याकाळी पागेत जाऊन बसायचे आणि घोडीपुढं जुनी भाषणं म्हणायचे. आबा वैतागायचे, तिची चंदी पोटाला लागत नाही म्हणून.

आईच्या नकला आहेत अजून, दोन ट्रंका भरून. फोटो काढून इथं टाकायचा विचार आहे. पण बऱ्याच वह्यांना कसर लागलीय आणि काही पानं एकमेकांना चिकटलीत. काय करावं?

---

तिसरी_घंटा

चिकटलेली पानं ओढू नका, आहेत तशीच राहू द्या, आधी सुट्ट्या पानांचे फोटो. कडक ऊन दाखवू नका, कागद ठिसूळ होतो आणि शाई उडते. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता. फाटलंय तिथं सेलोटेप अजिबात नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. ट्रंकेऐवजी कोरड्या जागी कपाटात, सुती कापडात गुंडाळून. कसर लागलेल्या वह्या चांगल्यांपासून वेगळ्या काढा, आजच. आणि फोटो काढताना वहीवर नाव-गाव-साल काही असेल तर ते पान आधी घ्या, नंतर कुठली वही कुठल्या नाटकाची ते आईंशिवाय कुणी सांगू शकणार नाही.

---

भीमाकाठची

साल नाहीये. प्रत्येक वहीच्या मागच्या पानावर त्या महिन्याचा चंदीचा हिशेब आहे, हरभरा किती, भाव काय. त्यावरून लागेल. आईला सोबत घेऊन बसते रविवारी.